संवेदी चेता आणि मेंदूपर्यंतचा प्रवास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञान शिकवताना आणि गावोगावच्या आरोग्य शिबिरांत मदत करताना हे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. काही विद्यार्थ्यांचे आहेत, काही बंदरावरच्या मंडळींचे, तर बरेचसे घरातल्या मधुमेही माणसाची काळजी घेणाऱ्यांचे. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात केली असून अपवाद शेवटी घेतले आहेत.

१. संवेदी चेता म्हणजे नेमके काय? सगळ्या नसा सारख्याच नसतात का?

बोलताना आपण रक्तवाहिनीला नस म्हणतो, चेतेलाही नसच म्हणतो आणि पोटरीत गोळा आला की ‘शीर चढली’ असेही म्हणतो, त्यामुळे पहिला गोंधळ शब्दांचाच असतो. चेता म्हणजे काथ्याच्या दोरासारखा, असंख्य बारीक तंतूंचा एक जुडगा. त्यातले काही तंतू त्वचा, स्नायू, सांधे आणि आतड्यांकडून आत, म्हणजे मेरुरज्जू व मेंदूकडे बातमी आणतात, ते संवेदी. काही आतून बाहेर हुकूम नेतात, ते प्रेरक. हातापायांतल्या बहुतेक मोठ्या चेतांमध्ये दोन्ही प्रकारचे तंतू शेजारी शेजारी असतात. मेरुरज्जूपासून अशा चेतांच्या ३१ जोड्या निघतात आणि थेट मेंदूशी जोडलेल्या आणखी १२ जोड्या आहेत. मेरुरज्जूजवळ पोहोचल्यावर प्रत्येक चेतेला दोन फाटे फुटतात: पाठीकडच्या मुळातून संवेदना आत जाते, पोटाकडच्या मुळातून हुकूम बाहेर पडतो. ही वाटणी फ्रान्सच्या माजँदी यांनी १८२२ मध्ये प्रयोगाने दाखवली.

२. पायात कालवाची धार लागल्यापासून मेंदूला कळेपर्यंत वाटेत काय काय घडते?

ओहोटीच्या वेळी खडकावरून चालताना कालवाच्या कडेने तळवा कापला, असे समजू. त्वचेत पसरलेली चेतातंतूंची उघडी टोके ताणली जातात, फाटलेल्या पेशींतून सांडलेली रसायने त्यांना चेतवतात आणि तेथे विद्युतसंदेश निर्माण होतो. तो तंतूवरून पोटरी, मांडी, कंबर असा चढत पाठीकडच्या मुळाशी येतो. या तंतूच्या मालक पेशीचे शरीर मेरुरज्जूच्या बाहेर, मुळावरच्या एका छोट्या गाठीत असते. तिची एक शाखा तळव्यापर्यंत आणि दुसरी मेरुरज्जूत गेलेली असते.

पुढे वाटा दोन होतात. वेदना आणि तापमान यांचा संदेश मेरुरज्जूत शिरल्यावर लगेच दुसऱ्या पेशीकडे सोपवला जातो, ती पेशी जवळपासच शरीराची मध्यरेषा ओलांडते आणि विरुद्ध बाजूने वर जाते. सूक्ष्म स्पर्श, कंप आणि सांध्यांची स्थिती यांचा तंतू मात्र त्याच बाजूने सरळ मेंदूच्या देठापर्यंत चढतो आणि तेथे पेशी बदलल्यावर बाजू बदलतो. उंच माणसात पायाच्या अंगठ्यापासून मेंदूच्या देठापर्यंत ही एकच पेशी दीड मीटरहून लांब असू शकते. दोन्ही वाटा थॅलॅमस या मेंदूतल्या ठाण्यावर येतात आणि तेथून तिसरी पेशी संदेश मेंदूच्या बाह्यकातील, म्हणजे बाहेरच्या थरातील, संवेदी पट्ट्यात पोहोचवते.

बाजू बदलण्याच्या या फरकाला व्यवहारात फार महत्त्व आहे. आंब्याच्या किंवा माडाच्या झाडावरून पडून मेरुरज्जूची केवळ उजवी अर्धी बाजू दुखावली, तर जखमेच्या खाली उजव्या पायाची सूक्ष्म स्पर्शाची आणि स्थितीची जाण जाते, हालचालही जाते, पण वेदना आणि गरम-गार कळेनासे होते ते डाव्या पायाला. नातेवाइकांना हे विचित्र वाटते. डॉक्टरांना मात्र त्यावरून इजा कोठे आहे हे सांगता येते.

३. हा संदेश विजेचा असतो, तर तो तारेतल्या विजेसारखाच धावतो का?

नाही. तारेत इलेक्ट्रॉन वाहतात. चेतातंतूत पटलाच्या, म्हणजे तंतूच्या पातळ भिंतीच्या, आरपार क्षारांचे आयन (विद्युतभारित कण) ये-जा करतात. विसाव्याच्या स्थितीत तंतूची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. चेतना पुरेशी असली की पटलातल्या सोडियमच्या मार्गिका उघडतात, सोडियम आत धाव घेतो आणि सुमारे एका मिलिसेकंदात तेवढ्या जागेची आतली बाजू धन होते. मग सोडियमच्या मार्गिका मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतो आणि तेवढा भाग पुन्हा पूर्वपदावर येतो. तोपर्यंत शेजारचा भाग पेटलेला असतो. असा टप्प्याटप्प्याने नव्याने उभा राहत गेल्यामुळे संदेश दीड मीटर गेला तरी दुबळा होत नाही.

ही उकल करण्याचे श्रेय हॉजकिन आणि हक्सली यांचे. त्यांचे मुख्य शोधनिबंध १९५२ चे असून १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यांनी निवडलेला प्राणी आपल्या ओळखीचा आहे, तो म्हणजे माकूल. संकट दिसताच पाण्याचा फवारा मारून मागे निसटण्यासाठी माकुलाच्या अंगात अवाढव्य अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीचे संदेश नेणारे लांब तंतू, असतात. काही जातींत त्यांची जाडी जवळजवळ एक मिलिमीटर भरते, म्हणून त्यांच्या आत तार घालून विद्युतदाब मोजता आला. माकूल साफ करताना त्याची पिशवी उभी चिरून उलगडली, की आतल्या अंगाला चांदणीसारखी एक पांढरट गाठ आणि तिच्यातून फाकलेले दोरे दिसतात. त्या दोऱ्यांमध्येच हे अक्षतंतू असतात. ते प्रेरक आहेत, संवेदी नव्हेत. मात्र संदेश चालवण्याची रीत दोहोंची एकच आहे.

४. संदेश किती वेगाने जातो?

ते तंतूवर अवलंबून असते. हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या चेतेतला वेग मोजला तेव्हा तो सेकंदाला सुमारे २७ मीटर भरला आणि अनेकांना धक्का बसला, कारण हा वेग मोजता येण्याजोगा असेल असेच कोणाला वाटत नव्हते. माणसात स्पर्शाचे जाड तंतू सेकंदाला साधारण ३५ ते ७५ मीटर वेगाने संदेश नेतात. तीक्ष्ण वेदना आणि गारव्याचे बारीक तंतू ५ ते ३० मीटर वेगाने, आणि सर्वांत बारीक, मायलिनचे आवरण नसलेले तंतू अर्धा ते दोन मीटर वेगाने, म्हणजे चालत्या माणसाच्या गतीने. मायलिन हे चरबीयुक्त वेष्टण तुकड्यातुकड्यांनी गुंडाळलेले असते, त्यामुळे संदेश मधल्या उघड्या जागांवर उड्या मारत जातो.

५. ठेच लागली की आधी एक झणका येतो आणि मग ठणका लागतो. हे दोन वेगळे का?

कारण ते दोन वेगळ्या तंतूंवरून येतात. प्रश्न ४ मधील आकडे घेऊन हिशेब करून पाहावा. पायापासून मेंदूपर्यंतचे अंतर दीड मीटर धरले, तर सेकंदाला १५ मीटर वेगाच्या तंतूवरची बातमी सेकंदाच्या दहाव्या भागात पोहोचते, आणि एक मीटर वेगाच्या तंतूवरची दीड सेकंदाने. पहिली बातमी टोकदार असते आणि नेमकी जागा सांगते. दुसरी पसरट, जळजळीत आणि रेंगाळणारी असते. ठेच लागल्यावर ‘आई गं’ तोंडातून निघून जाते आणि खरा ठणका त्यानंतर चढतो, हा अनुभव प्रत्येकाला असतो; त्यामागे केवळ अंतर भागिले वेग एवढेच गणित आहे.

६. सगळे संदेश एकाच प्रकारचे असतील, तर गरम, गार, स्पर्श आणि दुखणे मेंदू कसे ओळखतो?

माझ्या मते या संपूर्ण विषयाची किल्ली याच प्रश्नात आहे. संदेशात ‘गरम’ असे काहीही लिहिलेले नसते. मेंदू पाहतो ते एवढेच, की बातमी कोणत्या तंतूवरून आली. दाराची घंटा वाजली की आपण दाराकडे जातो, फोनची वाजली की फोनकडे. घंटा कोणी आणि कशाने वाजवली हे आवाजात नसते. योहानेस म्युलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हे तत्त्व मांडले होते. कोपर चौकटीवर आपटला की करंगळीत झिणझिण्या येतात त्या यामुळेच: मार कोपराशी चेतेच्या मधल्या भागाला लागतो, पण ते तंतू करंगळीकडून येणारे असल्याने मेंदू बातमी करंगळीच्या नावावर जमा करतो.

मग जोर कमी की जास्त, हे कशावरून कळते? प्रत्येक संदेशाची उंची सारखीच असते, म्हणून जोर सांगितला जातो तो संख्येने: हलक्या दाबाला सेकंदाला थोडे संदेश, जास्त दाबाला अधिक, आणि सोबत अधिक तंतू कामाला लागतात. हे एड्रियन यांनी १९२० च्या दशकात दाखवले आणि १९३२ चे नोबेल शेरिंग्टन यांच्याबरोबर मिळवले.

७. मिरचीने तोंड भाजते, पण तोंडाचे तापमान वाढत नाही. मग भाजते ते काय?

सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखणारी एक मार्गिका वेदनेच्या तंतूंच्या टोकांवर असते. मिरचीतले कॅप्सेसिन तीच मार्गिका उघडते. तंतू खरोखरीच्या चटक्याला जो संदेश पाठवतो तोच येथेही पाठवतो, आणि प्रश्न ६ मध्ये सांगितल्याप्रमाणे मेंदूला दुसरे काही कळण्याचा मार्ग नसतो. पुदिन्यातला मेंथॉल गारव्याच्या मार्गिकेवर हाच डाव खेळतो. या शोधांसाठी डेव्हिड ज्युलियस यांना आणि स्पर्शाच्या मार्गिकांच्या शोधासाठी आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चे नोबेल विभागून मिळाले.

जोडप्रश्न नेहमी येतो: तिखटावर पाणी का चालत नाही? कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. म्हणून माशाच्या तिखट आमटीनंतर पाण्याच्या तांब्यापेक्षा नारळाच्या घट्ट रसाची सोलकढी अधिक उपयोगी पडावी.

८. बांगड्याच्या तिरफळातले तिरफळ चावले की जीभ बधिर होते की झिणझिणते?

दोन्ही शब्द वापरले जातात, परंतु झिणझिणणे अधिक बरोबर आहे. बधिरपणात संदेश थांबतो. येथे तो नको तेवढा येतो. तिरफळाच्याच कुळातल्या चिनी मिरीवर प्रयोग झालेले आहेत. तिच्यातले सॅन्शूल हे द्रव्य स्पर्श व कंप सांगणाऱ्या तंतूंना चेतवते. ती ओठाला लावलेल्या लोकांना जाणवणारा कंप सेकंदाला सुमारे ५० आवर्तनांशी जुळला. ओठ जागचा हललेला नसतो. तिरफळ वाटून न घालता ठेचून घालावे आणि खाताना बाजूला काढावे, ही जुन्या स्वयंपाकघरातली शिस्त जिभेच्या चेतांना मानवणारी आहे.

९. मे महिन्यात तापलेल्या कातळावर अनवाणी पाय पडला की तो आपोआप उचलला जातो, दुखणे नंतर कळते. मेंदूला न विचारता हे कसे?

संदेश मेरुरज्जूत शिरताच त्याच्या प्रती निघतात. एक प्रत प्रश्न २ मधील वाटेने मेंदूकडे जाते, आणि दुसरी मेरुरज्जूतल्याच मधल्या पेशींमार्फत प्रेरक पेशींना मिळते. त्या मांडीच्या स्नायूंना पाय वर घेण्याचा हुकूम देतात आणि त्याच क्षणी दुसऱ्या पायाच्या स्नायूंना ताठ होऊन भार पेलण्याचा, नाहीतर माणूस तेथेच कोसळेल. यालाच प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. मेंदू या क्रियेला थोडाफार आवर घालू शकतो: हातात गरम चहाची कपबशी असेल आणि समोर पाहुणे बसले असतील, तर बोटे भाजत असूनही आपण ती टेबलापर्यंत नेतो.

१०. आपटलेली जागा चोळली की बरे का वाटते?

चोळण्याने स्पर्शाचे जाड तंतू चेततात आणि ते मेरुरज्जूत वेदनेचा संदेश पुढे सोपवणाऱ्या जागी अटकाव करतात. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये ही ‘दरवाजा’ची कल्पना मांडली. तिचे तपशील पुढे बरेच बदलले, गाभा टिकला.

११. खाज म्हणजे सौम्य वेदनाच का?

पूर्वी तसे मानत, आता मानत नाहीत. खाजेसाठी मेरुरज्जूत वेगळ्या पेशी असल्याचे दिसून आले आहे. प्रतिक्रियाही उलट असतात: वेदनेपासून आपण अंग काढून घेतो, खाजेकडे हात नेतो. खाजेतही दोन वाटा आहेत. डास चावल्यावर हिस्टामिन सुटते आणि त्यावर ॲलर्जीची गोळी थोडीफार लागू पडते. खाजकुयलीच्या शेंगेवरच्या लवेत मात्र प्रथिने तोडणारे एक विकर असते. ते दुसऱ्या ग्राहींना चेतवते आणि संदेश दुसऱ्या तंतूंवरून जातो, म्हणून त्या खाजेला ती गोळी फारशी दाद देत नाही. लव अंगाला लागली असेल तर चोळू नये, चिकटपट्टी लावून अलगद उपटावी. अळूची खाज आणखी वेगळी: तेथे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक खरोखरच टोचत असतात.

१२. मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या का येतात?

दाबामुळे चेतेचा रक्तपुरवठा तुटतो आणि संदेश वाहणे थांबते, पाय ‘झोपतो’. दाब सुटला की तंतू पूर्ववत होताना वेडेवाकडे, आपणहून संदेश पाठवतात, त्या मुंग्या. काही मिनिटांत थांबत असतील तर काळजी नाही. बसण्याशी संबंध नसताना रोज येत असतील तर प्रश्न १४ पाहावा.

१३. दाताच्या भुलीचे इंजेक्शन, केंड मासा आणि विंचू यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का?

तिघांचाही रोख प्रश्न ३ मधील सोडियमच्या मार्गिकांवर असतो. भुलीतले लिग्नोकेन त्या मार्गिका तात्पुरत्या बंद करते. दात तेथेच असतो, इजाही होत असते, बातमी मात्र निघत नाही. वेदनेचे बारीक तंतू आधी थांबतात आणि जाड तंतू मागाहून, म्हणून ‘दुखत नाही पण ओढल्यासारखे वाटते’ असे रुग्ण सांगतात. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असल्याने भूल नीट चढत नाही.

केंड या फुगणाऱ्या माशाच्या अनेक जातींच्या यकृतात आणि गाभोळीत टेट्रोडोटॉक्सिन असते. तेही याच मार्गिका बाहेरून बुजवते, पण सगळ्या अंगभर. सुरुवात ओठांच्या झिणझिण्यांनी होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू बंद पडू शकतात. शिजवून हे विष जात नाही आणि त्यावर उतारा नाही. जाळ्यात आलेला केंड फेकून द्यायचा, हा नियम मोडू नये.

विंचवाचे विष याच्या उलट करते: मार्गिका उघडल्यावर ती नीट मिटू देत नाही. एका टोचणीचे शेकडो संदेश होतात, म्हणूनच ती कळ असह्य असते. लाल विंचवाच्या दंशात मात्र खरा धोका वेदनेचा नसतो. हृदय व रक्तवाहिन्यांना चालवणाऱ्या चेताही अशाच पेटतात, रक्तदाब भडकतो आणि फुप्फुसांत पाणी साठते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगडच्या ग्रामीण भागात असे रुग्ण तपासताना प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवला. त्यांचा निबंध १९८६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. प्राझोसिन वेदनेच्या तंतूंवर काहीच करत नाही, ते रक्तवाहिन्यांवरचा अतिरेकी हुकूम अडवते. घाम फुटणे, उलटी, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली तर मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

१४. मधुमेहात संवेदना आधी पायांचीच का जाते?

कारण तेथील तंतू सर्वांत लांब असतात. तंतूच्या टोकापर्यंतची सगळी रसद मेरुरज्जूजवळच्या पेशीतून येते (प्रश्न २), आणि दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने ही व्यवस्था व बारीक रक्तवाहिन्या बिघडल्या की सर्वांत दूरचे टोक आधी उपाशी पडते. बधिरपणा बोटांपासून मोज्यासारखा वर सरकतो. तो गुडघ्यापर्यंत येतो तेव्हा साधारणपणे हाताच्या बोटांनाही सुरुवात होते.

एका शिबिरात एक आजोबा तपासणीला आले होते. चप्पल काढली तेव्हा तळव्यात माशाचा काटा रुतलेला दिसला, भोवती कातडी पांढरी पडलेली. किती दिवस झाले, या प्रश्नावर त्यांनी ‘कसला काटा?’ एवढेच विचारले. तपासणी सोपी असते: १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून डोळे मिटलेल्या माणसाला विचारायचे, आणि १२८ हर्ट्झचा स्वरकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवायचा. असा पाय रोज रात्री उजेडात, आरसा धरून पाहावा, आणि शेकायच्या पाण्याचे तापमान त्या पायाने कधीही ठरवू नये.

बधिरपणा सममित नसून फिकट किंवा लालसर चट्ट्यापुरताच असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्याचे जंतू चेतातंतूंना वेढणाऱ्या पेशींतच घर करतात. त्यावरची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

१५. पाकटाची नांगी लागल्यावर गरम पाण्यात पाय बुडवतात. त्याने वेदनेचे तंतू बधिर होतात का?

मुख्य कारण विषाचे आहे असे मानले जाते: पाकटाचे विष उष्णतेने निकामी होते. पाणी सोसवेल इतके, पण ४५ अंशांच्या पुढे नको, आणि अर्धा ते दीड तास. वेदनेने वेढलेल्या पायाला चटक्याची वेगळी बातमी देता येत नाही, म्हणून पाणी दुसऱ्याने, निदान न दुखावलेल्या हाताने तपासावे. काट्याचा तुकडा आत राहतो, तेव्हा दवाखाना टाळू नये.

१६. हृदयविकारात डावा हात किंवा जबडा का दुखतो?

हृदयाकडून येणारे तंतू आणि हाताच्या आतल्या बाजूचे तंतू मेरुरज्जूत एकाच पेशींवर येऊन मिळतात. त्या पेशींना आयुष्यभर त्वचेच्याच बातम्या आलेल्या असल्याने मेंदू पत्ता चुकवतो. हा प्रश्न ६ मधल्या कोपराचाच, पण जिवाशी गाठ असलेला प्रकार आहे.

१७. प्रत्येक संवेदना मेरुरज्जूतून आणि थॅलॅमसमधूनच जाते का?

नाही. चेहऱ्याची संवेदना पाचव्या मस्तिष्क चेतेतून थेट मेंदूच्या देठात शिरते. त्या चेतेत अपवादाचाही अपवाद आहे: जबड्याच्या स्नायूंचा ताण सांगणाऱ्या तंतूंच्या पेशी बाहेरच्या गाठीत नसून मेंदूच्या देठाच्या आतच असतात. वासाची तऱ्हा सर्वांत न्यारी. नाकातल्या चेतापेशींचे तंतू कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून वर जातात आणि वासाची बातमी थॅलॅमसला वळसा घालून मेंदूच्या बाह्यकात पोहोचते. डोके जोरात आपटले की हे नाजूक तंतू तुटू शकतात. झाडावरून पडलेला माणूस बरा होऊन घरी येतो आणि सुक्या मासळीचा वास येईनासा झाला म्हणतो, तेव्हा तो भ्रम समजू नये.

१८. पायच नसेल तर पाय कसा दुखेल?

अवयव कापल्यावरही उरलेल्या तंतूंची टोके संदेश पाठवत राहू शकतात, आणि मेंदूतला त्या पायाचा नकाशा पुसला जात नाही. तंतू पायाचा, म्हणून दुखणे पायाचे. वायर मिचेल यांनी १८७१ मध्ये या अनुभवाला ‘भूत-अवयव’ अशा अर्थाचे नाव दिले. रुग्ण खोटे बोलत नसतो.

१९. मण्यार चावल्यावर दुखत नाही, म्हणजे तिचे विष संवेदी चेता बधिर करते का?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. मण्यारीचे दात बारीक असतात आणि विषाने चावल्या जागी सूज वा दाह फारसा होत नाही, म्हणून झोपेतल्या माणसाला बऱ्याचदा दंश कळतच नाही. विष काम करते ते प्रेरक चेता आणि स्नायू यांच्या सांध्यावर. पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही आणि पुढे श्वास थांबतो. फुरसे चावले तर जागा सुजते व ठणकते, त्यामुळे माणूस धावपळ करतो. मण्यारीत तसे होत नाही म्हणून वेळ जातो. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या सकाळी पोटात दुखत असेल आणि पापण्या उघडत नसतील, तर दंशाची खूण शोधत न बसता प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. संवेदी तंतू या सगळ्यात शाबूत असतात. कृत्रिम श्वासावर असलेला, डोळेही न उघडणारा रुग्ण शुद्धीवर असू शकतो. त्याला हाताचा स्पर्श कळतो, सुई टोचलेली कळते आणि खाटेशेजारी नातेवाईक काय बोलत आहेत तेही ऐकू येते.